मी व माझी पत्नी

मुलाखत म्हणून काकांनी माझ्यापुढे एक कोरं पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "तुमचा पत्ता लिहा." मी लिहिला. त्यांनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ ते वाचत बसले. "हा तर अमरावतीचा आहे." मी जीभ चावली. लग्न होऊन पुण्यात आले त्याला कितीतरी वर्षं झाली होती, भाड्याची घरं बदलून झाली होती, पण पत्ता म्हटलं की हात आपोआप माहेरच्या गल्लीत जायचा. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. पुण्यात यायला तुम्हाला अजून वेळ लागेल असं दिसतं, पण ऑफिसात उद्या सकाळी दहाला या."

ऑफिस म्हणजे कोथरूडमधल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीच्या तळमजल्यावरची दुकानाएवढी खोली. वर दुसऱ्या मजल्यावर काका आणि काकू राहायचे. काकांचा धंदा घरांचा, पण पाटी लावून बसणाऱ्या एजंटांसारखा नाही. जी घरं कुणी विकायला काढलेलीच नाहीत, पण ज्यांचे मालक आज ना उद्या काढतील, अशी घरं ते हुडकून काढायचे. मालकाला पोस्टाने पत्र पाठवायचे. कुणी तयार झालाच, तर पैसे गुंतवू पाहणाऱ्या एखाद्याशी त्याची गाठ घालून द्यायचे आणि दलाली घ्यायचे. अख्खं शहर मोबाइलवर घरं बघत असताना हा गृहस्थ तिकिटं चिकटवत बसलेला. माझं काम पाकिटांवर पत्ते घालायचं आणि आलेली उत्तरं लावून ठेवायचं. मजकूर मात्र ते स्वतःच्या हाताने लिहायचे. सगळी नोकरी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात गेल्यामुळे त्यांना त्याचा कंटाळा म्हणून येत नसे.

एजंट म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा माझ्याजवळ "तुमच्या एजंट काकांना सांगा" असा कसलासा निरोप दिला, तर त्यांनी मला उलट पाठवलं. "त्यांना म्हणावं, इथे एजंट कुणी नाही. पत्रव्यवहार करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना निरोप द्यायचा असेल तर लेखी द्यावा." मी गेले नाही. असले निरोप पोचवायचा मला पगार नव्हता, आणि हे मी त्यांना सांगूनही टाकलं. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले आणि स्वतः जिना चढून सांगून आले.

फोनचं त्यांना वावडं होतं. फोन म्हणजे चपला न काढता दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं त्यांचं मत. पत्र दाराशी थांबतं, मालकाला वेळ मिळेल तेव्हा तो ते आत घेतो, नको असेल तर फाडतो, आणि फाडताना आपण समोर नसतो. पत्र शनिवारी पोचेल अशा बेताने ते पेटीत टाकायचे, म्हणजे रविवार विचार करायला मोकळा. पोस्ट वेळेवर गेलं नाही की सोमवारी त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. जसं काही त्या घरातल्या माणसाचा रविवार वाया गेला होता.

खराडीच्या आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर असलेला एक तरुण त्यांचं मुख्य गिऱ्हाईक होता. आम्ही त्याला खराडीचे साहेब म्हणायचो. जुने बंगले घ्यायचे, पाडायचे, तिथे खोल्या उठवून भाड्याने द्यायच्या, हा त्याचा जोडधंदा. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. "काका, याला अमेरिकेत डायरेक्ट मेल म्हणतात," तो एकदा कौतुकाने म्हणाला. "आपण टेम्प्लेट बनवू, प्रिंट काढू, महिन्याला हजारो लेटर्स जातील."

"आम्ही याला पत्र म्हणतो," काका म्हणाले. "हजारोंना जातं ते हँडबिल."

"ओके, ओके. पण तुमचा रिस्पॉन्स रेट काय आहे?"

"लोक उत्तर देतात किंवा देत नाहीत."

बहुतेक देतच नसत. जी येत, त्यातली निम्मी अस्सल पुणेरी. एकाने लिहिलं होतं, "आमचे घर विकाऊ नाही. आपण ज्या उत्साहाने पत्रे पाठवता, त्याच उत्साहाने ती बंद करावीत." एका बाईंचं उत्तर होतं, "आपण घर शोधत आहात, आम्ही मुलासाठी मुलगी शोधत आहोत. आपल्या माहितीत असल्यास कळवावे, पत्रिका सोबत जोडली आहे." काकांनी त्या दोघांनाही आभाराची पत्रं पाठवली. दुसरीला तर पत्रिका नीट घडी करून परत केली आणि माहितीत मुलगी नसल्याबद्दल खेद व्यक्त केला.

घरं हुडकायची त्यांची रीत अजून माझ्या डोक्यातून जात नाही. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन ते गल्ल्या पालथ्या घालायचे. गंजलेलं कुलूप, तुंबलेली पत्रपेटी, हे कुणालाही दिसतं म्हणायचे. ते बघायचे आकाशकंदील. भर उन्हाळ्यात एखाद्या घरावर दिवाळीचा कंदील विटून लोंबकळत असला, की ते घर नक्की झालं. "लावायला दिवाळीत मुलं येतात, भाचरं येतात. काढायला कोण येणार? स्टुलावर चढणारं घरात कुणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांच्या नजरेचं कौतुक वाटलं. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात तसे दोन-तीन कंदील दिसले. कुणाचं एकटेपण असं रस्त्यावरून जाता-येता वाचावं, हे मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही. पण दिसतं, त्याला काय करणार?"

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिराती ते रोज वाचायचे, सगळेच या धंद्यातले वाचतात. पण ज्या घरात माणूस गेलं, तिथे वर्षश्राद्ध होईपर्यंत पत्र पाठवायचं नाही. खराडीचे साहेब यावरून चिडायचे. वर्षभरात दुसरा कुणीतरी सौदा करून जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. काका म्हणायचे, "जाऊ दे. त्या घरात वर्षभर कुणाला काही सुचत नसतं. सुचत नसलेल्या माणसाची सही घेऊ नये." पुढे काका स्वतः गेले, तेव्हा काकूंनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊ दिली नाही. "नको," त्या म्हणाल्या. "सगळेच काही वर्षभर थांबणारे नसतात. आठवड्यात कुणाचं तरी पत्र येईल." हसावं की रडावं, आम्हाला कळेना.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती त्यांच्या पत्राच्या मजकुराची. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच असे: "सप्रेम नमस्कार. मी व माझी पत्नी आपल्या परिसरात राहण्यासाठी घर शोधत आहोत. रोज सकाळी फिरायला जाताना माझी पत्नी आपल्या घरासमोर क्षणभर थांबते." पुढे त्या त्या घरापुरतं काहीतरी, म्हणजे कुठे जुईचा वेल, कुठे लाकडी झोपाळा, कुठे व्हरांड्यातली जाळी. ती सगळी पत्नीला आवडलेली. मालक विकायला राजी झाला, की शेवटी "आमचे जुळत नाही, पण माझ्या ओळखीचे एक सज्जन आहेत" असं लिहून खराडीच्या साहेबांना पुढे करायचं. "लोक घर एजंटाला देत नाहीत, जोडप्याला देतात," असं ते मला समजावायचे.

वर काकू गुडघ्यांनी जायबंदी. लिफ्ट नाही, त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. पाकिटं चिकटवायची कणकेची खळ त्याच करून द्यायच्या, आणि मी ती आणायला वर गेले की विचारायच्या, "आज कुणाच्या दारात उभं केलंय मला?" मी सांगायचे. मग त्या म्हणायच्या, "गुडघे दुखतात म्हणून मी देवाला जात नाही, आणि यांच्या पत्रांत मी रोज अख्खं कोथरूड पायी फिरते. चप्पल तरी नवीन घ्या म्हणावं." पत्रातली ही ठरलेली वाक्यं त्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती थट्टेवारी नेली होती. निदान मला तसं वाटायचं.

मी काकांशी वाद घातला होता. हे खोटं आहे, असं तोंडावर म्हटलं होतं. त्यांनी शांतपणे टाक पुसला. "सुरुवातीला खोटं नव्हतं," ते म्हणाले. "पहिलं पत्र लिहिलं तेव्हा खरंच घर शोधत होतो. तिला तळमजल्यावरचं, अंगण असलेलं घर हवं होतं. ते परवडलं नाही, ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं, आणि ज्याने घेतलं त्याने मला दलाली दिली. तिथून हे सुरू झालं." मी पुन्हा पत्ते घालत बसले.

आणि मग मेट्रनबाईंचं घर आलं. एका जुन्या सहकारी सोसायटीच्या टोकाचा बैठा बंगला, अंगणात बुचाचं उंच झाड, आणि अर्थातच वैशाखातही लटकलेला कंदील. बाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, लग्न केलं नव्हतं, स्वतःच्या पगारातून ते घर बांधलेलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं पत्र काकांनी बुचाच्या फुलांबद्दल लिहिलं, तेव्हा आलं. "घर विकण्याचा विचार नाही. आपल्या पत्नीस फुले हवी असल्यास सकाळी लवकर यावे. झाडणारी बाई आठ वाजता सगळी लोटून टाकते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका गेले आणि फाटकाच्या आत पडलेली ओंजळभर फुलं पिशवीत घालून घेऊन आले. ती वर काकूंना नेऊन दिली. खाली येऊन पत्र लिहिलं, "पत्नीने फुले नेली. आपली झोपमोड नको म्हणून हाक मारली नाही."

इथे खरं तर काकांनी हात आवरायला हवा होता. बाईंचं पुढचं पत्र आलं ते काकांना नव्हतंच, सौ.ना होतं. त्यांनी फुलं पाण्यात कशी ठेवावीत ते लिहिलं होतं. सौ.नी उत्तर दिलं. म्हणजे काकांनी दिलं, "सौ. म्हणते" असं लिहून. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पत्रं येत-जात राहिली. मुगाच्या खिचडीत लवंग घालावी की नाही, इस्पितळातल्या रात्रपाळ्या, एकटीने जेवायला बसणं, सगळं त्यात आलं. सौ.नी एकदा विचारलं, "आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसत असेल ना?" बाईंनी लिहिलं, हो, दिसतं, आणि हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"काकूंना विचारलंत का हे लिहिण्याआधी?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? तिला ते घर आवडलंच असतं." या पत्रांचं वर काकूंना मीही सांगितलं नाही.

मधल्या काळात बाई न्हाणीघरात पडल्या, एकदा नव्हे, दोनदा. नाशिकचा भाचा त्यांना न्यायला तयार होता, तिकडे खोलीही करून ठेवली होती, पण बाई निघत नव्हत्या. बिल्डर येऊन जात होते. आपण गेलो की घर पाडणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग पत्र आलं, की देईन तर तुम्हा दोघांनाच, आणि बाजारात मिळेल त्याहून कमीत देईन, कारण तुम्ही त्यात राहाल. ते पत्र काकांनी घडी करून खणात ठेवलं. खराडीच्या साहेबांनी मात्र टाळी दिली. "काका, क्लोज करा!"

नेहमीचं "आमचे जुळत नाही" हे पत्र लिहायला काका चार दिवस बसले आणि ते त्यांच्याच्याने लिहून झालं नाही. पाचव्या दिवशी ऑफिससमोर रिक्षा थांबली. काठी टेकत, पांढऱ्या सुती साडीतल्या एक ताठ बाई उतरल्या.

"पत्रं लिहिणारे ते तुम्हीच का?" त्यांनी दारातूनच विचारलं आणि आपल्या सोसायटीचं नाव सांगितलं. काका उभे राहिले, हातातला टाक तसाच. "भाचा उद्या व्यवहाराचं बोलायला येतोय. म्हटलं, त्याआधी तुमच्या सौ.ना भेटावं. इतकं लिहिलंय आम्ही एकमेकींना, आवाज ऐकलेला नाही."

काकांना "बाहेरगावी गेलीये" म्हणता आलं असतं. पण कागदाशिवाय खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "ती वर असते," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट?"

"नाही."

"मग त्यांनाच बोलवा. रोज एवढं चालतात, दोन जिने काय त्यांना?"

बाई वळल्या, जिन्याच्या तळाशी गेल्या, कठड्याला धरून त्यांनी वॉर्डातल्या आवाजात हाक मारली, "अहो वहिनी!"

वर दार उघडल्याचा आवाज आला. काकू कठड्याशी आल्या असाव्यात, खालून दिसत नव्हत्या. "कोण आहे?"

"मी बुचाच्या झाडाची!"

"कोणत्या झाडाची?"

"अहो, तुम्ही सकाळी फुलं न्यायला येता ना!"

"मी?" काकू म्हणाल्या. "फुलं हे आणतात. रस्त्यावर पडलेली असतात म्हणाले."

मला वाटलं, काकू आता सावरून घेतील, हसून काहीतरी म्हणतील. त्यांना कळलं होतं, त्यांच्या न बोलण्यातून ते मला खालीसुद्धा कळत होतं. मग आवाज आला, थट्टा पार गेलेला. "बाई, मी कित्येक वर्षांत हा जिना उतरलेले नाही. तुमचं घर मी पाहिलेलं नाही. यांनी काय लिहिलंय तुम्हाला माझ्या नावाने?"

बाई सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. आम्ही आधाराला धावलो तर त्यांनी काठीनेच अडवलं. काकांकडे बघून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, रुग्णाची माहिती भरून घ्यावी तशी.

"खिडकीचं कुणी विचारलं होतं?"

"मी."

"खिचडीतली लवंग?"

"तेही मीच."

"आम्ही लवंग घालत नाही," वरून काकू म्हणाल्या.

"घर कुणासाठी हवं होतं?"

"खराडीचे एक गृहस्थ आहेत."

"राहणार आहेत ते?"

"नाही," काका म्हणाले. "पाडणार आहेत."

बाईंनी मान डोलावली. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "पाडणारे माझ्याकडे पुष्कळ येऊन गेले," त्या म्हणाल्या. "पण ते दारात उभं राहून 'पाडणार' म्हणाले हो." मग कठड्याला धरून उठल्या, वर बघत "येते, वहिनी" म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या. वहिनींनी उत्तर दिलं की नाही, मला ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून काकूंनी खळ करून देणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. फक्त मी वाटी घेऊन वर गेले की "आज कणीक नाही" म्हणायच्या, आणि मागे पोळ्यांचा ढीग दिसत असायचा. काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून गोंदाची बाटली आणली. खराडीच्या साहेबांना त्यांनी सांगितलं की ते घर मिळणार नाही. साहेब म्हणाले, "काका, सेलर तयार आहे, इमोशनल इश्यू आहे नुसता. भाच्याचा नंबर द्या, मी हँडल करतो." काकांनी नंबर दिला नाही.

आणि मग त्यांनी ते विचित्र काम काढलं, जे फक्त त्यांनाच सुचू शकत होतं. ज्या ज्या घरी "मी व माझी पत्नी" गेलं होतं आणि अजून मालक तोच होता, त्या प्रत्येक घरी ते दुसरं पत्र लिहायला बसले. "सप्रेम नमस्कार. मागील पत्रात, माझी पत्नी आपल्या घरासमोर थांबते, असे लिहिले होते. ती कधीही थांबलेली नाही. तिने आपले घर पाहिलेले नाही. मी दुसऱ्यासाठी घरे शोधतो. क्षमस्व." एवढंच. मी पत्ते घालत होते, ते लिहीत होते. आठवडेच्या आठवडे धंदा ठप्प. मी म्हटलं, "काका, लोक विसरले असतील." ते म्हणाले, "मी विसरलो नाही ना."

गंमत म्हणजे या पत्रांना उत्तरांची रीघ लागली. कधी ओळही न लिहिलेले लोक लिहू लागले, की आपला प्रामाणिकपणा आवडला, घर विकायचेच आहे, येऊन भेटावे. खराडीचे साहेब हरखले. "काका, हे तर भन्नाट आहे! हाच फॉरमॅट ठेवायचा आपण." काका खुर्चीतून उठले, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "आपण आता या." साहेबांना आधी कळलंच नाही. मग ते गेले, आणि आमचं मुख्य गिऱ्हाईकही गेलं. मी त्या महिन्यात दुसरी नोकरी बघायला लागले, पण तेव्हा मला काकांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

मेट्रनबाईंना पत्र सगळ्यांत शेवटी गेलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं पाकीट आलं. वर 'सौ.' आणि पुढे काकूंचं नाव. काकांनी ते हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. "वर द्या." काकूंनी ते मला वाचून दाखवलं. भाच्याने घराला गिऱ्हाईक आणलं होतं. ते पाडणार होते. कागद तयार होते, पण बाईंची सही होत नव्हती, रोज उद्यावर जात होती. "त्यापूर्वी आपण एकदा घर पाहून जावे. रिक्षा दारापर्यंत येते. पायऱ्या दोनच आहेत."

"मी जाणार," काकू म्हणाल्या.

दोन जिने त्या बसून उतरल्या. एकेका पायरीवर टेकत, साडी सावरत, मधल्या वळणावर खूप वेळ थांबत. मी काखेत हात घालून धरलं होतं. काका एक पायरी खाली, हात पुढे करून उलटे उतरत होते, पण काकूंना हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. काकू सगळा वेळ बाहेर बघत होत्या, कुठल्या दुकानाची पाटी बदलली, कुठे पूल झाला.

बाई फाटकाशी उभ्या होत्या. काकूंचा हात त्यांनी धरला. काका मागोमाग आत शिरू लागले, तशी त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही." काका तिथेच थांबले.

आत दोघी एकमेकींच्या आधाराने खोल्या पाहत फिरल्या. कुणाचा आधार कुणाला होता, सांगता येत नव्हतं. बाई दाखवत होत्या, ही बैठक, हे देवघर, ही खिडकी मी मागून पाडून घेतली. काकू मान हलवत होत्या. स्वयंपाकघरात आल्यावर बाई खिडकीशी थांबल्या. खिडकीतून बुचाचा बुंधा दिसत होता आणि त्यापलीकडे आणखी फांद्या.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी मनात म्हणत होते, छान म्हणा हो, एवढं एकदा म्हणा.

"अंधार आहे," काकू म्हणाल्या. "झाड सुंदर आहे, पण सगळा उजेड त्याने खाल्लाय. मला इथे स्वयंपाक करायला नसतं आवडलं."

बाई ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मलाही कधी आवडलं नाही. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरली मी जन्मभर. कुणाला सांगणार? जो येतो तो घराची स्तुती करतो." त्या स्टुलावर बसल्या आणि आता मात्र रडल्या. काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने डोळे पुसून बाई मला म्हणाल्या, "भाच्याला फोन लाव गं. म्हणावं, कागद घेऊन ये. आता सही करते."

फोन झाल्यावर मी बाहेर आले. काका फाटकाबाहेर उन्हात उभे होते.

"आवडलं का तिला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या घरात नुकतंच जे ऐकलं होतं त्यानंतर ते जमेना. "नाही," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात अंधार आहे म्हणाल्या. झाडामुळे."

काका झाडाकडे बघत राहिले. "मी आत गेलो नव्हतो ना कधी," ते म्हणाले. "एकाही घरात." मग ते खिशात रुमाल शोधू लागले, रुमाल सापडेना, आणि तो माणूस भर रस्त्यात उभ्याने रडायला लागला.

काकू दोन पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आल्या. त्यांनी पाहिलं. काकांचा दंड धरला आणि आपलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं.

"चला," त्या म्हणाल्या. "अजून दोन जिने चढायचेत मला."